क्वालिटीवाले काका

निगडीच्या यमुनानगरात दर सोसायटीत एक तरी क्वालिटीवाले काका सापडतात. चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्शनचं काम, जायला-यायला कंपनीची बस, सुट्टी गुरुवारी. बस त्यांना कोपऱ्यावर सोडते. पण कंपनी काही त्यांना सोडत नाही. घरी मसाल्याच्या डब्यांना पार्ट नंबर असतात. दूध 'फिफो'नेच संपवायचं असतं: आधी आलेलं आधी.

चिरंजिवांनी कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड मागितलं. जुनं केप्लर पिढीतलं. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नवे गेम ड्रायव्हर काढणं 2021मध्येच थांबवलेलं, त्यामुळे नवा गेम उघडायलाच तयार नव्हता. काकांनी आधी लेखी जस्टिफिकेशन घेतलं. कार्ड घरात आलं ते थेट 'इनकमिंग'ला गेलं. कॅबिनेटची आतली लांबी टेपने, कार्डाची जाडी व्हर्नियरने. स्लॉटमधून 75 वॉट, आठ पिनांच्या वायरीतून 150. एसएमपीएसला झेपतील, अशी वहीत नोंद.

गुरुवारी काम सुरू झालं. आधी नेट काढलं, कारण विंडोज मधेच स्वतःच्या मनाने ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून पुसला. मेन स्विच बंद, हात कॅबिनेटच्या पत्र्याला, स्क्रू वाटीत, लॅच दाबून कार्ड बाहेर. त्याला लाल टॅग.

"अहो, वाटी द्या, पोहे करायचेत."

"पिवळ्या पट्टीच्या आत येऊ नकोस."

नवं कार्ड बसलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी ती काळीच. मुलगा काही सांगणार, तोच काकांनी व्हाय-व्हाय ॲनालिसिस काढलं. मॅन, मशीन, मटेरियल, मेथड! काका पाचव्या 'व्हाय'ला पोचेपर्यंत मुलाने मॉनिटरची केबल मदरबोर्डातून उपसून कार्डात खोचली. चित्र आलं. पण रूट कॉज लिहून होईपर्यंत गेम होल्डवर. शिवाय मदरबोर्डाच्या त्या पोर्टवर रबरी बूच बसलं. पोका-योके! शिगेओ शिंगोंनी टोयोटात रुजवलेली पद्धत: चूक करायला जागाच ठेवायची नाही.

हसायचं असेल तर हसा. पण काकांच्या कंपनीच्या डिझाइन खात्यात कॅडवाल्या कंपनीने पास केलेलाच ड्रायव्हर चालतो. कुणी हौसेने ताजा टाकला, की स्क्रीनवरच्या मॉडेलच्या कडा गायब व्हायची धास्ती. म्हणून घरीही नव्या ड्रायव्हरसाठी 'फोर एम चेंज'चा फॉर्म भरावा लागतो, जुन्या व्हर्जनची फाइल पेनड्राइव्हवर ठेवल्याची सही करून. मुलगा कुरकुरत भरतो. अपडेटनंतर आडवे पडलेले कॉम्प्युटर घेऊन सोसायटीतली पोरं याच दारात येतात, हे त्याने पाहिलंय.

काकूंनी मात्र मिक्सरच्या नव्या भांड्यासाठी केलेला अर्ज परत आलाय. शेरा: 'गळती टॉलरन्समध्ये आहे.'