झिपराव

प्रत्येक ऑफिसात एक तरी झिपराव असतो. आमच्याकडचे झिपराव रजेचा अर्जसुद्धा झिप करून पाठवतात.

त्यांचं घराणं पीकेझिपचं, म्हणजे १९८९ सालचं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, मोठी फाइल १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर वाटून न्यायची, आणि शेवटची फ्लॉपी खराब निघाली की आधीच्या सगळ्या पाण्यात. हे ज्याला जमे, त्याला साहेब स्वतः चहा विचारीत. मग २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि राइट क्लिक करून कुणीही झिप करू लागलं. “सगळं सोपं करून ठेवलंय,” झिपराव करवादतात, “म्हणून कुणाला काही येत नाही!” साहेबांचा चहाही तेव्हाच बंद झाला, हे ते सांगत नाहीत.

राइट क्लिककडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. सेव्हन-झिपची अख्खी खिडकी उघडतात. लेव्हल ‘अल्ट्रा’. डिक्शनरी साइज वाढवतात, मग वर्ड साइज. कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला की कृतकृत्य होऊन मागे रेलतात. परवा सहलीचे २४ एमबीचे फोटो असे दाबले, ते साडेतेवीस झाले. जेपीजी मुळातच दाबलेलं असतं. पिळलेलं धोतर पुन्हा पिळून पाणी निघणार किती? पण झिपराव खूश. “अर्धा एमबी वाचला की!”

विनरारही त्यांच्याकडे आहे. त्याची चाळीस दिवसांची फुकट मुदत कधीच उलटली; सॉफ्टवेअर मात्र चालूच आहे. ‘विकत घ्या’ म्हणणारी खिडकी आली की झिपराव “बघू, पगार होऊ दे” असं पुटपुटत ती बंद करतात. उधारी मागायला आलेल्याशी माणसाने इतकं गोड बोलू नये.

गेल्या आठवड्यात अकाउंट्सच्या मॅडमना त्यांनी चार एमबीचं स्कॅन सेव्हन-झिपने दाबून पाठवलं.

“काका, उघडत नाहीये.”

“कसं उघडेल? आधी सेव्हन-झिप टाकून घ्या.”

त्याची ईएक्सई त्यांनी मेल केली. मेलने ती अडवली. तीच झिप करून पाठवली, तीही अडवली.

“व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना, तीनच तर पानं आहेत!”

व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढताच झिपरावांचा चेहरा पडला. “उद्या पेन ड्राइव्हवर आणतो,” म्हणाले.

सेव्हन-झिपमध्ये फाइलचे हव्या त्या मापाचे भाग पाडता येतात, अगदी साडेतीन इंची फ्लॉपीच्या मापाचेसुद्धा. ते माप निवडणारा माणूस आता आमच्या ऑफिसातच उरला असावा. दुसऱ्या दिवशी मॅडमनी पेन ड्राइव्ह लावला. आत ००१ होता, ००२ होता.

“तिसरा?”

“तो दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आहे,” झिपराव म्हणाले. “घरी.”