बाकी अडीच कलदार

"हे आपले बाळाकाका," आत्या म्हणाली. भिंग मी नंतर आणलं, निकाल आधीच लागला होता.

आमच्या आजोबांचा सुलतान बाजारात फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ गेला, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा राहिला. फोटोवाल्याच्या घरात नातेवाईक कोण आणि गिऱ्हाईक कोण, याची दोन पिढ्यांत अशी सरमिसळ होते की निम्मे पूर्वज परके निघायची भीती असते. आत्याला ती भीती नाही. डब्यातला प्रत्येकजण तिचा कुणीतरी लागतो.

फोटो पोस्टकार्डाएवढा. लष्करी पोशाखातला तरुण, ओठांवर नुकतीच ठेवलेली मिशी, खांद्यावर एक तारा. छातीवरच्या उजव्या खिशाचं बटण लावायचं राहून गेलंय, आणि ते आजोबांनी कसं चालवून घेतलं कोण जाणे. खाली बुटांवरून तिरकी गेलेली शाईची सही: एक उभी दांडी, तीन लाटा, लांबलचक शेपूट. शेजारी ४३.

आत्याच्या मते सही मोडीत आहे. शेजारचे चाचा उर्दूचे निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाशी धरला.

"मियाँ, साफ 'रशीद' लिखा है."

"पण चाचा, नुक्ते कुठे आहेत?"

"जंग में नुक्ते लगाने कू टैम किसकू मिलता?"

भाच्याने फोनला विचारलं. फोनने एका सिनेनटाचं नाव सांगितलं.

मग भिंगाखाली खांद्यावरची अक्षरं लागली: हैदराबाद. घरात आनंदीआनंद झाला. आपल्याच गावचा! माझा आनंद मात्र दोनच दिवस टिकला, कारण मी वाचायला बसलो. त्या काळी हैदराबादचं नाव मिरवणाऱ्याने हैदराबाद पाहिलेलं असायलाच हवं, असं काही नव्हतं. निजामाने पहिल्या महायुद्धात विमानांसाठी पैसे दिले म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला हैदराबादचं नाव मिळालं. दुसऱ्या युद्धातल्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर तर चक्क निजामाची दस्तार होती.

आणि एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट! तिचं मूळ हैदराबाद कंटिंजंट. याच फौजेच्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड निजामाच्या हातून इंग्रजांकडे गेलं. पन्नास वर्षांनी फौज हिंदी सैन्यात मिसळली, आणि पुढे तिच्यात भरती होऊ लागली कुमाऊंच्या डोंगरातली माणसं, जाट, अहीर. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिचं नावच कुमाऊं रेजिमेंट झालं. थोडक्यात, वऱ्हाड आमचं गेलं, नाव आमचं लागलं, आणि शिपाई रानीखेतकडचे.

निजामाची स्वतःचीही फौज होती. तिची एक पलटण डिसेंबर १९४१ मध्ये मलायात कोटा भारूच्या विमानतळावर पहाऱ्याला होती, आणि जपानी उतरले ते नेमके तिथेच. आमचा गडी त्या पलटणीतला असता, तर ४३ साली सुलतान बाजारात मिशी सावरत उभा राहण्याऐवजी बहुधा जपान्यांच्या कैदेत असता. एका ताऱ्याचीही गंमत होती. एक तारा सेकंड लेफ्टनंटला आणि एकच जमादारालाही. पण जमादार शिपाईगिरीतून वर चढलेला, वयाने पिकलेला. आमच्या गड्याच्या मिशीला अजून पुरता रंग चढलेला नव्हता.

इतके दिवस कुणी फोटो उलटून पाहिला नव्हता. मागे आजोबांचं अक्षर, पेन्सिलीचं: 'प्रती ३. पैकी २ दिल्या. बाकी २॥ कलदार.'

हैदराबादबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या संस्थानात निजामाचा हाली सिक्का चाले, इंग्रजी रुपयाला म्हणत कलदार. सहा कलदारांचे सात हाली. शहरातल्या गिऱ्हाइकाचा हिशेब आजोबा हालीत मांडत, कलदारात मांडत तो सिकंदराबादच्या छावणीतून आलेल्याचा. म्हणजे हा निजामाच्या फौजेतला नव्हे, हिंदी सैन्यातला. एवढे ग्रंथ वाचून मला जे कळलं नव्हतं, ते आजोबांनी उधारीच्या एका ओळीत लिहून ठेवलं होतं.

आणि सहीसुद्धा कुणाला आठवण म्हणून केलेली नव्हतीच. तो उधारीचा कबुलीजबाब होता. बाकी चुकती केली की तिसरी प्रत न्यायची. ती आमच्या डब्यात आहे.

दिलेल्या दोन प्रती टपालाने कुठेतरी गेल्या असतील. रानीखेतच्या वरच्या अंगाला एखाद्या घरात भिंतीवर हाच फोटो असेल, तेच बटण उघडं. तिथे माणसाचं नाव सगळ्यांना पाठ असेल. फोटो कुठल्या गावात काढला, यावरून वाद होत असतील. रेजिमेंटची एक बटालियन पुढे आराकानात लढली, थिमय्यांच्या हाताखाली. रंगूनच्या स्मारकावर, ज्यांना थडगं वा चिता लाभली नाही अशांची जवळजवळ सत्तावीस हजार नावं कोरलेली आहेत. नाव ठाऊक असतं तर मी ती यादी चाळली असती. ठाऊक नाही, याचं एका परीने बरंही वाटलं.

उधारीची ओळ मी मोठ्याने वाचली. आत्याने फोटो मागून घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला.

"मग हे बाळाकाका नव्हेत. आपल्यात कुणी कुणाचे पैसे ठेवत नाही." मग सहीवर बोट ठेवून, "आणि हे मोडी कुठलं? उर्दूच दिसतंय."

चाचांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"नै आपा, गौर से देखो. मोडीच है."