तलंगांचा खुराड्यात प्रवेश : बंगलेवाल्यांसाठी नियमावली

खंडाळ्यात ज्यांचा बंगला आहे, पण मुक्काम शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ एवढाच, अशा सद्गृहस्थांच्या सोयीसाठी ही नियमावली केली आहे. ज्यांच्या अंगणात बाराही महिने कोंबड्या असतात, त्यांना यातले सगळे ठाऊक आहे. ते हसतील. हसू द्यावे.

नियम १. शनिवारी आणलेली पिल्ले रविवारी जुन्या कोंबड्यांत सोडू नयेत. डिकीतून खोका काढायचा, झाकण उघडायचे आणि ‘बघा, कशी मैत्री होतेय’ म्हणत मोबाइल धरायचा, हा कार्यक्रम दोन मिनिटांत गुंडाळावा लागतो. जुनी कोंबडी पाहुणीच्या थेट डोक्यावर चोच मारते. रक्त दिसले की बाकीच्याही तिथेच टोचतात. मग साहेब मुंबईच्या रस्त्याला लागतात आणि हळद चेपायला मागे मावशी उरतात.

नियम २. नव्यांना तीन-चार आठवडे आवाराच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे. दाणापाणी आधी जुन्यांचे, मग नव्यांचे, आणि तिकडची चप्पल तिकडेच. हे सोवळे मानमोडीसाठी आहे. या रोगाला राणीखेत म्हणतात, ते कुमाऊंतल्या एका थंड हवेच्या ठिकाणावरून. खंडाळ्याने असला मान मिळवू नये. लासोटा लस पहिल्या आठवड्यातच द्यायची असते आणि पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. विकणारा ‘सगळं दिलंय’ म्हणाला, तर ‘काय दिलं आणि कधी?’ एवढेच विचारावे. बहुधा तो कोंबड्यांच्या भावावर बोलू लागतो.

नियम ३. पिल्लांची तलंग होऊ द्यावी. तीन-साडेतीन महिने झाले आणि अंगाने ती जुन्यांच्या जवळपास आली, की मगच एकत्र सोडण्याचा विचार करावा. पण अंगावर फार विसंबू नये. हैदराबादची वनराजा किंवा बंगळुरूची गिरिराजा चार महिन्यांत आमच्या गावरान कोंबडीपेक्षा थोराड दिसते. तरी आमच्याकडची एका डोळ्याने अधू झालेली काळी म्हातारी नुसती मान वर करते आणि ही धिप्पाड पोरगी दाणे सोडून भिंतीकडे सरकते. थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे नावाचा नॉर्वेचा माणूस लहानपणापासून कोंबड्यांची टिपणे काढत बसायचा. कोण कोणाला टोचते याची उतरंड त्याने 1920च्या दशकाच्या सुरुवातीला जगापुढे मांडली. आमच्या मावशींनी काहीच मांडलेले नाही, पण सांजेला दांडीवर कोण कुठे बसणार हे त्या डोळे मिटून सांगतात. सगळ्यात वरची जागा काळीची.

नियम ४. मध्ये जाळी लावून दोन आठवडे शेजार घडवावा. रोज तेच तोंड दिसले की निम्मा राग जाळीवरच निघून जातो.

नियम ५. जून ते सप्टेंबर हा समारंभ करू नये. आपल्याकडचा पाऊस साहेबांना भुशी डॅमपुरता माहीत असतो. खुराड्यातले तूस ओले झाले, की रक्ती हगवण आधी कोवळ्या तलंगांना धरते. शिवाय पावसात सगळ्या एका छपराखाली कोंडलेल्या असतात. मार खाणारीला पळायला जागा हवी; सगळे शास्त्र तिथेच आहे. दिवाळीनंतर मावळात भात निघालेले असते, गिरणीत कोरडे तूस मिळते आणि अंगणही मोकळे असते.

नियम ६. एकटीला कधीही आत सोडू नये.

नियम ७. तलंगा रात्री दांडीवर नेऊन बसवाव्यात. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे तंटा सकाळवर जातो. ‘एकत्र उठल्या की ओळख विसरतात’ असे साहेबांनी कुठेतरी वाचलेले असते. त्या विसरत नाहीत. उजाडताच कोणीतरी तिथे उभे असावे. साहेब नऊला उठतात.

नियम ८. दाण्याची भांडी दोन ठेवावीत, एकीकडून दुसरे दिसू नये अशी. अंडी देणाऱ्यांच्या खाद्यात कॅल्शियमचा अंश साडेतीन-चार टक्के असतो. तलंगांच्या मूत्रपिंडाला तो झेपत नाही. सगळ्यांना वाढीचे खाद्य घालून शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा. जिला हवा ती टिपते.

नियम ९. थोडेफार टोचणे चालायचेच, मध्ये पडू नये. रक्त निघाले तर मात्र जखमी कोंबडी वेगळी करून ती बरी होईपर्यंत मारणारीलाही डालग्याखाली कोंडावे. चार दिवसांनी परतल्यावर तिची जागा दुसरीने घेतलेली असते आणि तोरा उतरतो.

खरे तर यातले निम्मे नियम एका खुडूक कोंबडीने मोडीत काढता येतात. एक-दोन दिवसांची पिल्ले रात्री तिच्या पोटाखाली सरकवावीत. तिने ती पंखाखाली घेतली, की पुढचे भांडण ती स्वतः भांडते, आणि काळीसुद्धा दोन पावले मागे सरते. पण खुडूक कोंबडी विकत मिळत नाही आणि शनिवारी येऊन रविवारी जात नाही.

नियम १०. सोमवार ते शुक्रवार हे सारे ज्या मावशी करणार आहेत, त्यांना पिल्ले आणण्याआधी विचारावे. त्या ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाल्या, तर दिवाळीनंतरच आणावीत.