डागाला कारण हवं

मळवेकर हे आडनाव नव्हे, ती जमात आहे. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत ती तुरळक आढळते. वय चाळिशीपुढचं, शर्टाला कडक इस्त्री, खिशात घडी न मोडलेला पांढरा रुमाल. पावसाळ्यात चपलेला चिखल लागला तर हा गृहस्थ दारातच पाय धुऊन मग उंबरा ओलांडतो. चहा घेतो, हात कोरडे करतो, टेबलाशी बसतो आणि एका वीतभर रणगाड्याला रात्री एकपर्यंत चिखल फासतो.

रणगाडा प्लास्टिकचा. शेकडो सुटे भाग जोडायचे, एअरब्रशने रंगवायचे. एवढ्यावर तुम्ही-आम्ही तो शोकेसमध्ये ठेवून पाहुण्यांना दाखवू. मळवेकरांच्या लेखी हे नुसतं बारसं झालं. "आता हा जगात जाऊन येऊ दे," म्हणतात आणि पातळ केलेला तपकिरी तैलरंग खाचाखाचांतून सोडतात. महिनाभर खपून स्वच्छ केलेली वस्तू पुढचे दोन महिने खपून घाण करायची! लहान मुलं हेच काम पाच मिनिटांत करतात आणि वर धपाटा खातात.

या ओढीचं मूळ दिवाळीच्या किल्ल्यात. वाड्यातली बाकीची पोरं बाजारातून आणलेले मातीचे मावळे हौसेने बुरुजावर मांडत, तेव्हा बाल-मळवेकर प्रत्येक मावळ्याचे पाय चिखलात बुडवून काढत. "अख्खा गड चढून आलेत, पाय स्वच्छ कसे?" या प्रश्नाला वाड्यात कुणाकडे उत्तर नव्हतं. मावळे दुसऱ्यांचे असल्यामुळे मार मात्र मिळाला.

मोठेपणी त्याच प्रश्नाचं शास्त्र झालं. त्याचं पहिलं आणि शेवटचं कलम एकच: डागाला कारण हवं. रंग उडणार तो कुठे? जिथे जवानाचा बूट पडतो, जिथे झाकणाची कड हाताने घासते तिथे. पावसाचे ओघळ वरून खाली. काजळी धुराड्यापाशी. पट्ट्यांवर गंज चालेल, पण जमिनीला घासणारा भाग लखलखीत हवा. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा, रंग उडाला की खाली चंदेरीच दिसणार. एका नवशिक्याने विमानाच्या पंखाला लालभडक गंज चढवला तेव्हा मळवेकर इतकंच म्हणाले, "मन लावून केलंय." त्या पोराने पुढे पोस्टाची तिकिटं जमवायला घेतली, असं ऐकतो.

मापाबद्दल तर बोलायचीच सोय नाही. १/३५ म्हणजे साडेपाच फुटी जवान पाच सेंटिमीटरच्याही आत. त्या हिशेबाने मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका उडाला, तर तो खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा. म्हणून टवके तीन केसांच्या ब्रशने आणि श्वास रोखून.

धूळ येते परदेशातून, छोट्या बाटल्यांत. एकीवर युरोपची धूळ, दुसरीवर व्हिएतनामची माती. हे पार्सल सोडवायला मळवेकरांनी एकदा कस्टमचे पैसे भरले. वहिनींनी पावती दोनदा वाचली. "अहो, खाली मेट्रोचं खोदकाम चाललंय. हवी तेवढी घेऊन या. न आणता घरात येते ती वेगळीच."

"ती चालत नाही," मळवेकर गंभीरपणे म्हणाले. "तिचा अर्ध्या मिलिमीटरचा एक कण माझ्या मापात पावणेदोन सेंटिमीटरची खडी होते."

वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत. फक्त केरसुणी जरा जोरात आपटली.

पुढचं प्रकरण हेअरस्प्रेचं. आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर हेअरस्प्रे मारायचा, वर हिरवा ॲक्रिलिक रंग. मग ओल्या ब्रशने हळूच घासलं की खालचा स्प्रे विरघळतो, हिरव्याचे पापुद्रे सुटतात आणि गंज डोकावतो. युक्ती नामी. अडचण एवढीच, की मळवेकरांच्या डोक्यावर केस नाहीत. कोपऱ्यावरचा दुकानदार दर महिन्याला बाटली देतो, आधी टकलाकडे बघतो, मग सहानुभूतीने पाच रुपये कमी लावतो.

एवढं करून झालं की रणगाडा काचेच्या कपाटात जातो. खोटी धूळ खऱ्या धुळीपासून जपायला नको का! महिन्यातून एका रविवारी जमातीतले चार-पाच जण जमतात, चष्म्यावर भिंग चढवून कपाटातला एकेक रणगाडा न्याहाळतात आणि कुणीतरी उद्गारतो, "काय घाण केलंयस रे!" यापुढे पद्मश्रीसुद्धा फिकी. उलट एखाद्या मावशीने "किती स्वच्छ ठेवलंय हो सगळं" म्हटलं, की मळवेकर दोन दिवस अबोल.

त्यांच्याबरोबर रस्त्याने जाणं ही एक शिक्षा आहे. स्वारगेटला एसटी लागते. आपण जागा धरायला धावतो, हे डिझेलच्या टाकीपाशी उकिडवे बसतात. "झाकणाखालचा हा ओघळ बघा. वर तेल, त्यावर धूळ, पुन्हा तेल. वीस वर्षं बसलो तरी मला जमणार नाही." खिडकीखाली पानाची पिंक होती. तीही त्यांनी वाचली. "ओघळ मागे पळालाय, म्हणजे बस वेगात असताना थुंकलाय. खाली सरळ आला असता तर स्टँडवर." थुंकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा सोडून हा माणूस त्याची दाद देत होता.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मला त्यांनीच नेलं. खरे, टनावारी वजनाचे रणगाडे. मळवेकर एकेकाभोवती फिरले आणि हळहळले, "काय गुळगुळीत रंगवलेत! पटत नाहीत." खऱ्या रणगाड्याला खोटा ठरवणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. युद्धाचा इतिहासही त्यांना चिखलाच्या रंगाने पाठ. १९६५, असल उत्तर: शेतांत पाणी सोडलेलं, पॅटन रुतले, म्हणून ओला गाळ, चाकांच्या वरपर्यंत. १९७१, लोंगेवाला: कोरडी फिकी वाळू, चिखलाचा थेंब दिसला तर मॉडेल बाद.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा कपाटात नवा सेंच्युरियन होता. बाजूवर नाव: फामागुस्ता. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, वय २१, मरणोत्तर परमवीर चक्र. मूळ रणगाडा नगरलाच लष्कराने जपलेला आहे.

पट्ट्यांत बसंतरकाठचा चिखल होता, कडांना टवके होते, धुराड्याला काजळी होती. पण तो रणगाडा त्या दिवशी मारा खाऊन पेटला होता, आणि इथे तर गोळ्याची एक खूणही नव्हती. एव्हाना मीही अर्धा मळवेकर झालो होतो. म्हटलं, "एक डाग राहिला."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "राहिला नाही. मी लढाईच्या आदल्या दिवशीचा केलाय."

आणि तीन केसांचा ब्रश घेऊन ते मागच्या पट्टीतला चिखल सारखा करू लागले.