ड्यूक हम्फ्रीचा पाहुणा

शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनमध्ये हे गृहस्थ रात्री कुठे पाठ टेकतात, ते त्यांच्या सावकारांनाही ठाऊक नसे. दिवसा मात्र ते जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये हमखास सापडत. देवाशी त्यांचं काही काम नसे. कॅथेड्रलचा लांबलचक मधला भाग ‘पॉल्स वॉक’ म्हणून गाजलेला होता. तिथे वकिलांना अशील भेटत, मालकांना नोकर मिळत आणि गावभरच्या बातम्या फुकटात कानावर पडत.

अकराच्या सुमारास प्रतिष्ठितांची जेवणाची वेळ झाली की गर्दी पांगे. आमचे गृहस्थ मात्र हलत नसत. एका खांद्यावरून झगा असा सोडलेला, की रेशमी अस्तर दिसावं आणि आतल्या सदऱ्याची ठिगळं दिसू नयेत. तोंडात दातकोरणं. आदल्या दिवसापासून त्या दातांना चावायला काही मिळालेलं नसलं, तरी मटणाचा चिवट धागा दाढेत अडकल्यासारखं कोरणं तासभर चाले. मधूनच एक समाधानाचा ढेकर. आपल्याकडचे मिशीला तूप लावून फिरणारे याच जातकुळीचे. कुणी ओळखीचा भेटला, की ‘जेवलात का?’ असं तो कधी विचारतो याची वाट पाहायची. आणि विचारलंच, तर ‘हो, आत्ताच!’ म्हणून मोकळं व्हायचं!

भुकेसाठी इंग्रजीत रोखठोक शब्द होते. उत्तरेकडचे लोक ‘क्लेम’ म्हणत. त्याच्या मुळाशी आहे चिमटा बसणं. ‘स्टार्व्ह’चा मूळ अर्थ तर नुसता मरणं. पण रेशमी अस्तराच्या माणसाने असं उघड बोलायचं कसं? त्याच्या उपासालाही खानदान हवं. टवाळ लंडनकरांनी ते पुरवलं. दुपारी तो कॅथेड्रलमधल्या एका सरदाराच्या कबरीपाशी घुटमळताना दिसला, की म्हणत, ‘आज स्वारी ड्यूक हम्फ्रीकडे जेवायला आहे.’ म्हणजे कडकडीत एकादशी.

यजमान तसा तालेवार. पाचव्या हेन्री राजाचा सख्खा भाऊ, 1447 साली वारलेला. ऑक्सफर्डला त्याने अडीचशेहून जास्त हस्तलिखितं दिली. तिथल्या ग्रंथालयाचा एक जुना भाग आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पण लोक त्याची समजत ती सेंट पॉलमधली कबर त्याची नव्हतीच! तिच्यात सर जॉन बीचम नावाचा दुसराच सरदार होता. हम्फ्री लंडनबाहेर, सेंट ऑल्बन्सला विसावला होता. म्हणजे आमचे गृहस्थ जन्मभर उपाशी राहिले, तेही भलत्याच्या दारी.

त्या दारी चूल एकदाच पेटली: 1666 साली, लंडनच्या मोठ्या आगीत. तिच्यात घरच बेचिराख झालं.