चाळीस घोडे आणि दोन मेव्हणे

प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनात 40 घोड्यांची ताकद आहे, असं कंपनीचा कागद सांगतो. मुरुडात ते घोडे कधीच पूर्ण भरत नाहीत. लातूरहून बार्शीकडे निघालं की लागणारं हे मुरुड समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास उंच पठारावर आहे. हवा मुळातच विरळ, त्यात मे महिन्यात पारा 42च्या घरात. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल नीट जळणार. त्यामुळे साधा हिशेब मांडला, तरी चार-पाच घोडे किल्ली फिरवण्याआधीच रजेवर गेलेले असतात. जंजिऱ्याजवळच्या मुरुडात हजेरी पूर्ण लागते म्हणा, पण तिथून परतताना सह्याद्रीचा घाट चढावा लागतो.

अशा पद्मिनीचा मालक बहुधा निवृत्त असतो. गाडी वडिलांनी घेतलेली, म्हणून विकायची नाही. नवीन गाड्या पुढे गेल्या तर त्याचं काही म्हणणं नसतं. पण गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, कर्कश गाणी लावलेला ट्रॅक्टर चढावर मागून हॉर्न द्यायला लागला की त्याची सहनशक्ती संपते. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात हजर.

"मिस्त्री, गाडी वढंना गेलीय. पावर वाढवा की जरा."

"किती वाढवू, मालक?"

"म्हंजी, किती वाढतीय?"

"ते खिशावर हाय."

खिशावर आहे हे खरं, पण गणितावरही आहे. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. असे चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. लेथवाल्याकडे ब्लॉक नेऊन बोर एक मिलिमीटरनं वाढवला आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकले, की इंजिन होतं 1121 सीसीचं. वाढ तीन टक्के. म्हणजे सगळं इंजिन उतरवून, महिनाभर गाडी ठोकळ्यांवर उभी करून हाती आला सव्वा घोडा. तोही मुरुडच्या उन्हात किती टिकेल, ते वेगळंच.

मग हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवण्याची सूचना येते. थोडं वाढवलं तर फायदा होतो. हौसेनं जास्त घासलं, की चढावर इंजिन आतून टकटक ठोकायला लागतं. एका सोलेक्स कार्बोरेटरच्या जागी दोन बसवता येतात. मग दोघांचा मेळ बसवावा लागतो आणि तो दोन भावांच्या वाटणीइतकाच टिकतो. सायलेन्सर मोकळा करणं सर्वांत लोकप्रिय. त्यानं ताकद नावापुरती वाढते, पण गाडी येतेय हे अर्ध्या गावाला कळतं, आणि पुष्कळांना हवं असतं ते तेवढंच.

हे काम मनापासून केलं ते इटलीत कार्लो अबार्थ यांनी. 1955 साली आलेल्या फियाट 600चं इंजिन जेमतेम 633 सीसीचं. अबार्थनी ते 747 सीसीवर नेलं आणि ताकद जवळजवळ दुप्पट केली. हा सगळा जुगाड ते पेटीत भरून विकतही असत. पुढे त्यांच्या शर्यतीच्या गाड्या इतक्या तापत, की मागचं इंजिनाचं झाकण उघडं टेकवूनच धावत. इंग्लंडात जॉन कूपर यांनी 1961मध्ये 848 सीसीच्या, 34 घोड्यांच्या मिनीला 997 सीसी आणि 55 घोडे दिले. त्याच झटक्यात त्यांनी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले. आपल्याकडच्या पद्मिनीवाल्यांच्या चर्चेत पहिलं वाक्य आवडीनं येतं, दुसरं येत नाही. पद्मिनीचे ब्रेक ड्रमचे. ताशी 60 किलोमीटरवरून थांबायला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती 80ला पावणेदोन पटींच्याही वर जाते. ड्रमला मालकाची महत्त्वाकांक्षा कळत नसते.

वेगाचं गणित तर आणखी निर्दयी. वेग वाढला की हवेचा विरोध फोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिन 40वरून 50 घोड्यांवर नेलं, म्हणजे चांगली पंचवीस टक्के वाढ केली, तर ताशी 120ला दम तोडणारी गाडी फार तर 129ला दम तोडेल. बार्शी रोडवर हे दोन्ही आकडे कुठे बघायला मिळणार?

खुद्द प्रीमियरलाही हे ठाऊक असावं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभी केलेली ही कंपनी; गाड्या बनत कुर्ल्याला. 1985मध्ये तिला जास्त ताकदीची गाडी हवी झाली, तेव्हा तिनं जुनं इंजिन खरवडत न बसता 118एनई काढली: बॉडी फियाट 124ची, इंजिन निस्सानचं, 1171 सीसी आणि 52 घोडे.

दुसऱ्या गाडीचं इंजिन पद्मिनीत उतरवण्याचा मार्गही आहे. तो आरटीओच्या दारातून जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार आरसी बुकातला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. दुसरीकडे, 2021च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून नोंदणीची सोय दिली, पण गाडी मूळ रूपात हवी. पद्मिनी हे नाव 1974चं. म्हणजे पहिल्या पद्मिनी आत्ताच कुठे त्या मानाला पोचताहेत आणि मालक त्यांचा मूळपणा घालवायला निघालाय.

राहिला वजनाचा उपाय. या भागाला तो नवा नाही. लातूरला 1911मध्ये पोचलेली बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांवर चालवली. कुठल्याही आसावर पाच टनांवर भार येऊ द्यायचा नाही, ही त्याची अट. अबार्थही शेवटी तिथंच आले. 1965मध्ये माँझाला विक्रम करायचा होता आणि गाडीच्या चिमुकल्या कॉकपिटमध्ये ते मावेनात, तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी या गृहस्थांनी सफरचंदं खाऊन 30 किलो उतरवले.

पद्मिनी साधारण 900 किलोंची. पाच माणसं बसली की 1250. त्यातून 75 किलोंचे दोन मेव्हणे उतरवले, तर उरलेल्यांना गाडी साडेपंचेचाळीस घोड्यांची वाटेल. बोरिंगपेक्षा चौपट फायदा आणि खर्च दोन एसटीच्या तिकिटांचा.

मिस्त्रींनी कार्बोरेटरचे जेट साफ केले, टॅपेट आणि पॉइंटचा गॅप जुळवला, ब्रेकचे शू बदलले, टायरांत हवा भरली. रजेवरचे नाही, पण आळसानं बसलेले काही घोडे कामावर आले.

"आणि मेव्हण्यांचं काय करायचं?" मालकानं हळूच विचारलं.

"ते वैनींला इचारा," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "ते काम आमच्या गॅरेजात होत नसतंय."