पाचगणी, व्हाया नाना पेठ

पुणे ते पाचगणी हे अंतर लोकांना साधारण शंभर किलोमीटर पडतं. आमच्या १९७६च्या प्रीमियर पद्मिनीला ते दोन बादल्या पडायचं. पहिली बादली खंबाटकीत, दुसरी पसरणी घाटात. सुरूर फाट्याला बाकीचे लोक वळण घेत, आम्ही पाणी घेत असू.

मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि मागून आत्या म्हणाली, "किती शिट्ट्या झाल्या रे?" मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात ती ओरडली. वाफ जिरल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हे तिला कुकरमुळे माहीत होतं. मलाही माहीत होतं, मागच्या वर्षीच्या फोडांमुळे.

दोष पंख्याचा. पद्मिनीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात वारा फुकट मिळत असताना हा जीव तोडून फिरणार, आणि कोंडीत इंजिन नुसतं गुरगुरत असताना, रेडिएटर तापून कासावीस झालेला असताना, हा डुलक्या काढणार. असे लोक मी नोकरीत पाहिले आहेत. त्यांना बदलता येत नाही, पण पंखा बदलता येतो. "दाजी, इलेक्ट्रिक फॅन टाका," मेव्हणा म्हणाला, आणि पुढच्या रविवारी आम्ही नाना पेठेत.

पहिल्या दुकानदाराने सोळा इंची पंखा काढला. मी म्हटलं, "अहो, हा रेडिएटरच्या बाहेर जाईल." "मग काय झालं? हवा जास्त!" बाहेर आलेली पाती मडगार्डला वारा घालतील हे त्याला पटेना. दुसऱ्याने मारुती ८००चा जुना पंखा पुसून पुढे केला. त्या गाडीचं इंजिन आडवं बसवलेलं, पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर येणार कसा? म्हणून तिला विजेचा पंखा. पण तिचं इंजिन ७९६ सीसीचं, आमचं १०८९चं. धाकट्याचा सदरा थोरल्याला घालायचा, आणि वर बटणंही लागली पाहिजेत असा हट्ट.

तिसऱ्या दुकानात खरी गोष्ट कळली. रेडिएटरच्या पुढे बसणारा पंखा हवा ढकलतो, मागे बसणारा ओढतो. ओढणारा चांगला, कारण तो समोरून येणाऱ्या वाऱ्याची वाट अडवत नाही. पण रेडिएटर आणि वॉटर पंपाची पुली यांच्यात जागा किती आहे? दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी मेव्हण्याकडे, मेव्हण्याने दुकानाच्या छताकडे. घरी परत आलो, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गाडीत डोकं घातलं. "अहो, ती टेप माझ्या ब्लाउजची आहे," एवढंच ती म्हणाली. बारा इंची, पातळ मोटरचा पंखा बसत होता.

मग विजेचा हिशेब. पंखा फिरताना दहा अँपिअर खाणार, म्हणजे जवळजवळ दोन्ही हेडलाइटांइतके. आमच्या गाडीत डायनॅमो. इंजिन मंद असताना तो काही देत नाही, उलट लाल दिवा दाखवतो. उत्पन्न बंद, खर्च चालू, आणि भरपाई बॅटरीने करायची. म्हणून अल्टरनेटर आला, रिले आला, जाड वायर, फ्यूज आणि ब्याण्णव अंशांना चालू होऊन सत्त्याऐंशीला बंद होणारा थर्मोस्विच आला. पंख्याचा खर्च वरातीत नवरदेवाच्या खर्चाइतकाच राहिला. मिस्त्रीने पंख्याभोवती पत्र्याचं कडं करून दिलं, नाहीतर बारा इंची वर्तुळ थंड आणि कोपरे तापलेले. माझ्या मते सगळ्या सामानात मोलाचं तेच कडं, आणि त्याचे पैसे मिस्त्रीने सर्वांत कमी घेतले.

पट्ट्याचा पंखा काढला आणि आम्ही निघालो. खंबाटकीत नवा पंखा खणखणीत घरघरत असताना पाणी उकळलं.

मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला. आत्याचा रुमाल मागून त्याने तो गाडीच्या जाळीसमोर धरला. रुमाल जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून त्याच्याच तोंडावर बसला. "साहेब, पंखा उलटा हाय." मोटरच्या दोन वायरी आलटून जोडल्या गेल्या होत्या. समोरून येणारा वारा आणि आतून येणारा वारा रेडिएटरमध्ये एकमेकांना अडवत बसले होते. वायरी बदलायला दोन मिनिटं लागली.

वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाहून आलो. गाडी बंद, किल्ली खिशात, आणि पंखा आपोआप सुरू! इंजिन बंद झाल्यावरही आतली उष्णता पाण्यात चढते, म्हणून मिस्त्रीने तो थेट बॅटरीवर घेतला होता. मला ठाऊक होतं, आत्याला नव्हतं. ती परत मंदिरात गेली.

पसरणी एका दमात चढली. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास, तिथे उघडं पाणी शहाण्णवच्या आतबाहेरच उकळतं. "म्हणून इथे डाळ शिजत नाही लवकर," आत्या म्हणाली. म्हणूनच दाब धरणाऱ्या झाकणाचं रबरही मी नवं टाकलं होतं. ते आठवायला मला आत्याचा कुकर लागला.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर पेठेत जाण्याआधी टेप घेऊन बॉनेट उघडा. गाडी थंड असताना. आणि पंखा बसवून झाला की मिस्त्रीकडेच रुमाल धरून बघा, खंबाटकीत नको.